झाकणाच्या आतल्या तारखा

"बाई, ही गाडी याआधीच स्पिरिटवर चाललेली आहे," मेकॅनिक म्हणाला, आणि शर्टाच्या बटणाहून लहान असा पितळेचा एक स्क्रू त्याने माझ्या तळहातावर ठेवला. स्क्रूच्या मधोमध आरपार भोक होते. हा मेकॅनिक माझाच विद्यार्थी. तीन वर्षे माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर बसून त्याने अपूर्णांकांशी वैर धरले होते, आणि आता पन्नाशी उलटल्यावरही माझ्यासमोर तेलकट हात पाठीमागे बांधून उभा राहतो. त्यामुळे प्रथम मला वाटले, याचे काहीतरी चुकले असणार. मी तसे बोललेही. तो नम्रपणे हसला आणि म्हणाला की अपूर्णांक चुकायचे ते दिवस गेले, आता चुकले तर गिऱ्हाईक परत येत नाही. मग त्याने मला समजावून सांगितले, म्हणजे मी त्याला जसे समजावत असे तसेच, एकेक पायरी चढवत. तेवढेच अंतर जायला पेट्रोलपेक्षा इथेनॉल, म्हणजे स्पिरिटच, जास्त लागते, एका भांड्याच्या जागी जवळजवळ दीड. म्हणून ज्या भोकातून इंधन इंजिनाकडे जाते ते मोठे करावे लागते. ते मोठे करण्यासाठीच त्याने कार्बुरेटर उघडला, स्क्रू काढला, मापला. भोक कुणीतरी आधीच मोठे करून ठेवले होते, आणि तेही असे की आत एकही ओरखडा नाही. "हे ड्रिलचं काम नाही, बाई. हे घड्याळजीचं काम आहे."

माझे यजमान घड्याळजी होते. हे त्याला ठाऊक होते, माझ्या नातीला ठाऊक होते, आणि मला तर होतेच. तरीही तो शब्द ऐकून गॅरेजच्या त्या मळक्या स्टुलावर, ज्यावर एरवी मी हातरुमाल अंथरल्याशिवाय बसले नसते, मी तशीच बसले. नात घाईने पाणी घेऊन आली. ती इंजिनांच्या प्रयोगशाळेत नोकरीला आहे आणि दोन महिने माझ्या मागे लागली होती की शेडमधली गाडी इथेनॉलवर करून घेऊ. इतकी जुनी गाडी पेट्रोलवर रस्त्यावर आणायला आता परवानगी नाही, इंधन बदलले तर मिळते. चौतीस वर्षे गाडी ताडपत्रीखाली उभी होती. मी होकार दिला तो गाडीसाठी नव्हे, शेड मोकळी व्हावी म्हणून. गाडी चालू झाली की माझा मुलगा, म्हणजे तिचा बाप, शनिवारी येऊन ती स्वतःच्या घरी नेणार होता. सगळे कसे नीट ठरले होते. मग मेकॅनिकने कार्बुरेटरचे झाकण उलटे करून, डोळ्याला लावायचे भिंग माझ्याकडे सरकवले आणि म्हणाला की आतल्या बाजूला काहीतरी कोरलेले आहे, त्याला वाचता येत नाही, पण बाईंना येईल.

मला आले. सुईच्या टोकाने काढलेला एक लहानसा त्रिकोण, आणि त्याखाली तारीख. ह्यांची खूण. घड्याळजी लोकांची ही रीतच असते. दुरुस्तीला आलेले घड्याळ उघडले की मागच्या झाकणाच्या आत, मालकाला कधीही दिसणार नाही अशा जागी, ते आपली खूण आणि तारीख कोरतात. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मी विचारले होते की जे कुणाला दिसणार नाही ते लिहायचे कशाला. डोळ्यावरचे भिंग न काढता हे म्हणाले होते, "पुढच्या कारागिरासाठी गं. त्याला कळायला हवं, आधी कुणी काय केलंय ते." मला ते उत्तर बाळबोध वाटले होते. मी तेव्हा शाळेच्या अहवालांवर सह्या करणारी बाई होते. माझ्या मते लिहिलेली प्रत्येक गोष्ट वरिष्ठांनी वाचण्यासाठी असे.

झाकणात सात तारखा होत्या. पहिली पेट्रोलच्या टंचाईच्या दुसऱ्या आठवड्यातली. ती तारीख ओळखायला मला दिनदर्शिका लागली नाही, कारण त्याच आठवड्यात शिक्षकांच्या खोलीत उभे राहून मी जाहीर केले होते की कूपन मिळो अथवा न मिळो, मुख्याध्यापिका शाळेत सातला पोहोचेल. पेट्रोल तेव्हा माणशी मोजून मिळत असे आणि पंपावरच्या रांगा दोन-दोन चौक ओलांडून जात. माझे सहकारी पायी येऊ लागले, सायकली काढू लागले. एक वयस्कर चित्रकला शिक्षक तर लेकीच्या सायकलवर मागे बसून येत आणि मुले टाळ्या वाजवत. मी घरी येऊन ह्यांना सांगितले की मी बसच्या रांगेत विद्यार्थिनींच्या धक्क्यात उभी राहणार नाही. मी विचारले नव्हते, सांगितले होते. हे म्हणाले, "बरं, बाई. बघतो." घरातही हे मला 'बाई'च म्हणत, विद्यार्थ्यांसारखे, त्यात थट्टा किती आणि खरे किती, हे मी कधी तपासले नाही. दुसऱ्या आठवड्यापासून गाडी रोज सहा चाळीसला दाराशी उभी राहू लागली. पेट्रोल कुठून येते हा प्रश्न मला पडला नाही. हे चालवत, मी मागच्या सीटवर बसत असे. समोरच्या सीटच्या पाठीवर, माझ्या नजरेसमोर, ह्यांनी एक छोटे घड्याळ बसवले होते, म्हणजे मला मनगट वळवावे लागू नये. टंचाईच्या त्या सगळ्या काळात मी एकही दिवस उशिरा पोहोचले नाही, आणि निरोप समारंभातल्या भाषणापर्यंत मी ही गोष्ट स्वतःच्या शिस्तीचा दाखला म्हणून सांगत आले.

आणि मग वास. गाडीत एक वास येऊ लागला, गोडसर, तिखट. प्रथम तो सीटच्या कापडाला होता, मग ह्यांच्या बाहीला, मग हातांना. ह्यांच्या दुकानात स्पिरिट असे, घड्याळाचे भाग धुवायला. त्यासाठी परवाना होता, महिन्याला ठरावीक कॅन मिळत. पण तो दुकानाचा वास दुकानात असे. हा घरात आला होता, सकाळी साडेसहाला आला होता. मी काही विचारले नाही. मी निरीक्षण केले. शाळेत मी तेच करत असे आणि त्याचा मला अभिमान होता. पहाटे हे शेडमध्ये जात आणि वीस मिनिटांनी परत येत तेव्हा डोळे लाल असत. दुकानातले कॅन लवकर संपत. एकदा पुरवठादाराचा माणूस दारात म्हणाला होता की साहेबांकडे हल्ली घड्याळं फार मळकी येतात वाटतं. तो हसला, हेही हसले. मी हसले नाही.

आज त्या स्टुलावर बसून भिंगातून तारखा वाचताना माझ्या ध्यानात आले की परवान्यावरचे स्पिरिट गाडीत घालणे हा गुन्हा होता, आणि गाडी मुख्याध्यापिकेची होती. उघडकीस आले असते तर प्रथम माझी खुर्ची गेली असती. म्हणजे ह्यांनी मला सांगितले नाही, कारण मला ठाऊक नसणे हीच माझी सुटका होती. हे एवढे सरळ होते. मी बेरीज करत गेले आणि प्रत्येक आकडा आपल्या जागी बसत गेला, आणि चौतीस वर्षांपूर्वी मी मांडलेली बेरीज त्याच आकड्यांची होती.

सातवी तारीख वाचायला मला धीर होईना. नातीने विचारले, "आजी, काय लिहिलंय?" मी तिला गप्प बसायला सांगितले. ती तारीख मला पाठ होती. त्या सकाळी सहा वाजता, हे तोंड धूत असताना, मी शेडमध्ये गेले होते. मागच्या सीटखाली हत्यारांच्या पेटीत एक चपटी काचेची बाटली सापडली. तसल्या बाटल्या कशाच्या असतात हे सगळे जग जाणते. ती पाऊण भरलेली होती. बूच काढून, हात लांब धरून, मान वळवून मी ती मोरीत ओतली आणि रिकामी बाटली पदराखाली घरात आणली. मी ती नाकाजवळ नेली नाही. तो माझ्या योग्यतेचा प्रश्न वाटला मला; असल्या गोष्टीचा वास घेणेसुद्धा मला कमीपणाचे वाटले. मग खिडकीतून पाहत राहिले. हे आले, सीटखाली हात घातला, पेटी उपसली, सीट उचलली, परत पेटी उपसली. मनात म्हटले, पाहा, एका सकाळी मिळाली नाही तर काय अवस्था होते माणसाची. गाडी चालू होईना. मी पर्स घेतली आणि पायी निघाले, आणि जाताना ह्यांच्याकडे पाहिलेही नाही. सातवी तारीख त्या दिवशीची होती. मी गेल्यावर ह्यांनी बॉनेट उघडले होते, कार्बुरेटर सोडवला होता, दोष आपल्याच कामात असेल म्हणून सगळा उघडून परत बसवला होता, आणि खूण केली होती.

मी मेकॅनिकला विचारले की इथेनॉलची गाडी थंडीत चालू व्हायला काही लागते का. तो म्हणाला, "लागतं ना, बाई. गार असलं की इथेनॉल पेटत नाही लवकर. चार थेंब पेट्रोल द्यावं लागतं कार्बुरेटरच्या तोंडात, मग घेते. म्हणून एक छोटी बाटली पेट्रोल जवळ ठेवायची. चपटी असली तर बरी, सीटखाली राहते."

मी उठले. स्क्रू पर्समध्ये टाकला, पर्सची कडी लावली, आणि दोघांना सांगितले की ही गोष्ट या गॅरेजच्या बाहेर जाणार नाही. मेकॅनिक म्हणाला, "होय, बाई," जसे तो चाळीस वर्षांपूर्वी म्हणाला असता. रिक्षात नात माझ्या शेजारी बसली होती आणि मला तिच्या श्वासाचाही राग येत होता. घराजवळ आल्यावर ती म्हणाली, "आजी, बाबा शनिवारी येतोय. तू सांगणार आहेस की मी सांगू?" मी म्हटले की मोठ्यांच्या गोष्टीत तिने नाक खुपसू नये. ती म्हणाली, "नाकच खुपसायला हवं होतं ना कुणीतरी." मग तीच घाबरली. एका पोरीने मला असे सुनावावे, असे यापूर्वी घडले नव्हते.

पुढचे तीन दिवस मी घरातून हलले नाही. स्वतःच्या बचावासाठी पुरावा शोधत होते, ह्यांच्या विरुद्धचा. एखाद्या वेळी तोल गेला होता का? नाही. शब्द अडखळला होता का? ह्यांचे शब्दच इतके थोडे असत की अडखळायला जागा नव्हती. कुणी सांगितले होते का? कुणी नाही. शाळेत एका मुलीवर नक्कल केल्याचा आळ आला होता तेव्हा मी तीन दिवस चौकशी केली होती. दोन उत्तरपत्रिका शेजारी ठेवून अक्षरांचा कल कोनमापकाने मोजला होता, आणि मुलगी निर्दोष निघाल्यावर तिच्या आईची माफी मागायला तिच्या वर्गशिक्षिकेला पाठवले होते. वर्गशिक्षिकेला. स्वतः गेले नव्हते. ह्यांच्या चौकशीला मी तीन मिनिटेही दिली नव्हती. बाटली सापडली त्या दिवशी संध्याकाळी मी ती रिकामी बाटली जेवणाच्या टेबलावर मधोमध ठेवली होती. मुलगा अकरा वर्षांचा होता, समोर बसला होता, मुद्दाम बसवला होता. हे आले, बाटलीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. म्हणाले, "बाई, त्यात—" मी म्हटले, "मुलासमोर नको. गाडीची किल्ली इथे ठेवा." ह्यांनी मुलाकडे पाहिले. मुलगा बाटलीकडे पाहत होता. किल्ली टेबलावर ठेवून हे हात धुवायला गेले, आणि ते वाक्य पुढे कधीच पूर्ण झाले नाही. मला वाटे, पूर्ण करण्यासारखे काही नव्हतेच. रात्री मुलाला जवळ घेऊन मी सांगितले की तुझे वडील पितात, आपण खंबीर राहायचे. तो त्या दिवसापासून खंबीर राहिला. दुकानात जाईनासा झाला. शाळेतून येताना पूर्वी तो तास-तासभर ह्यांच्या शेजारी उभा राहून डोळ्याला भिंग लावत असे. हे म्हणत, याचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. तो हात पुढे विम्याचे कागद भरत बसला. 'बाबा' हा शब्द त्याने सोडला आणि 'ते' म्हणू लागला. ते आले का, ते जेवले का. ह्यांच्या म्हातारपणी बोटे कापू लागली तेव्हा तो मला म्हणाला होता की आता फळं दिसायला लागली. शेवटच्या दिवसांत डॉक्टरांनी विचारले, घेत होते का, आणि मी म्हणाले, हो, बरीच वर्षे. डॉक्टर कागद उलटसुलट करत म्हणाले की आश्चर्य आहे, यकृत तर एखाद्या तरुणाचे असावे तसे आहे. मी म्हटले, नशीब एकेकाचे. हे पलंगावर डोळे मिटून होते. जागे होते की नाही, मला माहीत नाही. ह्यांना जाऊन नऊ वर्षे झाली. मला माहीत नाही.

ती बाटली माझ्या कपाटात होती, किल्लीबरोबर, जुन्या निकालपत्रकांमागे. पुरावा म्हणून ठेवली होती. कधी शंका घेतली गेलीच तर दाखवता यावी. शुक्रवारी दुपारी मी ती काढली, बूच फिरवले आणि प्रथमच नाकाजवळ नेली. कशाचाही वास येत नव्हता. काचेचा, धुळीचा, एवढाच. त्याच वेळी मेकॅनिकचा फोन आला. बाकी सगळे तयार होते, टाकी धुतली, नळ्या बदलल्या. फक्त तो स्क्रू बाईंच्या पर्समध्ये राहिला होता. नवीन बसवू का? मी विचारले, जुना चालणार नाही का. तो म्हणाला, "चालणार नाही कसा? मी हिशोब मांडून बघितलाय. त्यांनी केलेलं भोक अगदी बरोबर आहे, केसाचा फरक नाही. मला तसं जमायचं नाही. पण तुमची इच्छा नसेल तर नवीन घालतो, कुणाला कळणार नाही." कुणाला कळणार नाही, हे त्याने माझ्यावरच्या मायेपोटी म्हटले होते. स्क्रू माझ्या समोर टेबलावर होता, त्याच जागी, जिथे तेव्हा बाटली ठेवली होती. मी एक शब्द उच्चारला असता तर माझे घर, माझा शब्द, माझा मुलगा, सगळे जसेच्या तसे राहिले असते. मी म्हटले, "मी घेऊन येते."

शनिवारी सकाळी चांगलीच थंडी होती. मी आधीच जाऊन स्क्रू दिला, बाटली दिली. मेकॅनिकने ती कुठून आणली हे विचारले नाही, पेट्रोलने अर्धी भरली. गाडी गॅरेजच्या अंगणात आणून उभी केली होती, धुतलेली, आणि तिच्यात मला माझीच जागा दिसत होती, मागे उजवीकडे. मुलगा आला. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, टायरला लाथ मारून पाहिली, आणि लेकीला म्हणाला की वाटलं होतं त्यापेक्षा बरी आहे. मग हसत म्हणाला, "शेवटी ही पण दारूवरच जगणार म्हणायची. घराण्याचं नाव राखलंन." नात हसली नाही. मेकॅनिक खाली वाकून उगाचच पाना शोधू लागला. मला ठाऊक होते की हीच ती वेळ, आणि तीन दिवस मनात घोळवलेली वाक्ये, कर्ता, कर्म, क्रियापद, सगळी व्यवस्थित रचलेली, एकही जिभेवर येईना. मी बाटली उचलून त्याच्यापुढे धरली.

त्याने ती ओळखली. पंचेचाळीस वर्षांच्या माणसाचा चेहरा क्षणात अकरा वर्षांचा झालेला मी पाहिला. "हे काय काढलंस आई आज?"

"वास घे," मी म्हटले.

"काय करतेस तू?"

"मी सांगते म्हणून घे."

त्याने बूच काढले, वास घेतला. "पेट्रोल आहे."

"तेव्हाही पेट्रोलच होतं. गाडी स्पिरिटवर चालत होती, माझ्यासाठी. मी शाळेत वेळेवर पोहोचावं म्हणून. हे पेट्रोल थंडीत चालू करायला ठेवलेलं. मी वास घेतला नव्हता." आणि मग, कुणाला तरी पाठवण्यासारखे आसपास कुणी नव्हते म्हणून, मी ते म्हटले. "मी चुकले."

त्याने बूच परत लावले. ओरडेल असे मला वाटले होते. ओरडला असता तर मला उत्तर देता आले असते. तो इतकेच म्हणाला, "मी त्यांच्या हातचं पाणी प्यायलो नाही, आई. मी आजारी असलो की ते भांडं पुढे करायचे. तू सांगितलं होतंस."

"हो," मी म्हटले. "मी सांगितलं होतं."

मेकॅनिकने, कुणाच्याही चेहऱ्याकडे न पाहता, झाकण उघडून उलटे धरले आणि भिंग पुढे केले. मुलाने ते डोळ्याला लावले. हात लावून नव्हे. भुवई आणि गालाच्या मध्ये पकडून, जसे दुकानात शिकवले होते तसे. चौतीस वर्षांत तो विसरला नव्हता. त्याने सातही तारखा पाहिल्या, शेवटच्या तारखेपाशी थांबला. मग झाकण बसवायला दिले, बाटलीतून चार थेंब टाकले, मोजून चार, आणि जाऊन गाडीत बसला. दुसऱ्या झटक्याला इंजिन लागले. मागच्या नळीतून पांढरा दमट धूर आला, गोडसर, तिखट वासाचा, आणि मी नातीचा दंड धरला. ह्यांची बाही. ह्यांचे हात. सकाळचे सहा चाळीस.

गाडी गरम व्हायला तीन-चार मिनिटे लागतात, मेकॅनिक म्हणाला. मुलगा पुढे पाहत बसून राहिला. त्याने मला बोलावले नाही. मीही कुणाला माझ्यासाठी दार उघडायला सांगितले नाही. मागचे दार माझ्या हाताशी होते. मी ते सोडून पुढे गेले, पुढचे दार ओढले, ते जड होते, आणि त्याच्या शेजारी बसले. या गाडीत मी पुढे कधीच बसले नव्हते. पुढून ते घड्याळ दिसत नाही. चालवणाऱ्याचे हात तेवढे दिसतात.